मोगऱ्याच्या शहरात उपाशी मधमाश्या

चेन्नईत फुलांना काय तोटा? बायकांच्या वेणीत, देवाच्या गळ्यात, रिक्षाच्या आरशावर, सगळीकडे फुलेच फुले. तरीही गच्चीवरच्या वेलीला दुधी धरत नाही. असे का होते? या शहराने विसरलेल्या स्वतःच्याच फुलांची ही गोष्ट.

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराच्या देवळाला चार रस्त्यांचा वेढा आहे. सकाळी सहाच्या सुमारास तिथे पाऊल टाकले, की आधी वास येतो आणि मग फुले दिसतात. मोगरा, अबोली, मरवा, शेवंती, गुलाबाच्या सुट्या पाकळ्या. फुलवाली गजरा मोजते तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. या हातभर मापाला तमिळमध्ये ‘मुळम’ म्हणतात. फुलवालीचा हात आखूड असला तर गिऱ्हाईक कुरकुरते, मग ती दोन बोटे जास्त सोडते. देवाला एक मुळम, डोक्यात एक मुळम, आणि दिवस सुरू.

एवढी फुले रोज लागणाऱ्या शहरात मधमाश्यांची चंगळ असायला हवी. प्रत्यक्षात या फुलांचा त्यांना काडीचाही उपयोग नाही. गजऱ्याचा मोगरा पहाटे कळी असतानाच खुडतात. तो उमलतो तो बाईच्या वेणीत, संध्याकाळी. मधमाशीच्या हिशेबी ते फूल फुललेच नाही. शिवाय ही फुले शहरातली नसतातच. कोसाकोसांवरच्या शेतांतून गाड्या भरून ती कोयंबेडूच्या घाऊक बाजारात येऊन पडतात.

मग बागांमधली फुले? तिथेही वरवरची श्रीमंती आहे. बोगनवेलीचा जो रंग आपण पाहतो तो पाकळ्यांचा नसतो, पानांचा असतो. खरे फूल आत लहानसे, पांढरट. देवळात आणि बंगल्यांच्या फाटकात हमखास दिसणारा पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्या फुलात मधाचा थेंबही नसतो. नुसत्या वासाने तो रात्रीच्या पतंगांना फसवून बोलावतो आणि तसेच परत पाठवतो! झेंडूही मेक्सिकोकडचा. दसऱ्याला आपण तोरणे करतो त्या टपोऱ्या झेंडूत पाकळ्यांची एवढी दाटी केलेली असते, की कीटकाला आत शिरायला वाट उरत नाही. माणसाच्या डोळ्याला भरलेले ताट, कीटकाला मात्र रिकामी पत्रावळ.

दुधी का धरत नाही?

हा प्रश्न निव्वळ निसर्गप्रेमींचा असता तर एक वेळ सोडून देता आला असता. पण तो स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. २०१३-१४ च्या सुमारास तमिळनाडू सरकारने चेन्नई आणि कोइमतूरच्या घरांसाठी गच्चीवरच्या भाजीबागेचे संच सवलतीत दिले. तेव्हापासून अड्यार, अण्णानगर, वेलचेरी भागातल्या कितीतरी गच्च्यांवर वांगी, टोमॅटो, पडवळ, दोडके दिसू लागले. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही कुंडीत मेथी-कोथिंबिरीच्या जोडीला दुधीचा वेल असतोच. वेल मांडवावर चढतो, फुले येतात, फुलामागे बोटाएवढा दुधीही दिसतो, आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळतो. खत कमी पडले म्हणून शेणखत घातले जाते. पाणी जास्त झाले म्हणून कमी केले जाते. शेजारीण सांगते, दृष्ट लागली असेल.

दृष्ट वगैरे काही नाही. दुधी, पडवळ, दोडका, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ते मादी. नर फुलातले पराग तिथवर कोणीतरी पोहोचवावे लागतात, नाहीतर फळ धरत नाही. भोपळ्याचे फूल भल्या सकाळी उघडते, तिथे मधमाशी हवी. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि पडवळाचे झालरीसारखे फूल रात्री. तिथे पतंग हवेत. चौथ्या मजल्यावरच्या सिमेंटच्या गच्चीवर यांतले कोणीच फिरकत नाही. म्हणून आता जाणत्या गृहिणी नर फूल तोडतात, पाकळ्या सोलतात आणि मादी फुलावर हाताने पराग टेकवतात. दुधी धरतो. पण जे काम आजवर फुकटात होत होते, ते हाताने करायची पाळी आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वांगी-टोमॅटोची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या फुलात पराग उघड्यावर नसतात. मिठाच्या डबीला टोकाशी भोके असावीत तसे ते नळीत कोंडलेले असतात. डबी हलवावी तेव्हाच मीठ पडते. हे हलवण्याचे काम मधमाशीला जमत नाही. ते जमते काळ्याभोर भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या एका लहानशा एकलकोंड्या माशीला. फूल घट्ट पकडून त्या अंगातले स्नायू असे काही थरथरवतात, की पराग भुरभुरून अंगावर पडतात. जवळ उभे राहिले तर तो आवाज ऐकूही येतो. जगात माश्यांच्या या कुळातल्या वीस हजारांवर जाती आहेत. मध साठवणाऱ्या त्यांतल्या अगदी थोड्या. बाकीच्या पोळी बांधत नाहीत. कोणी जमिनीत, कोणी वाळक्या लाकडात, कोणी मातीच्या भिंतीच्या चिरेत घर करते. अंगण गेले, तिथे फरशी आली; कुंपणाची वाळकी काठी गेली, तिथे लोखंडी जाळी आली. माशीचे घर गेले ते असे.

गावाच्या नावात फूल

गंमत अशी, की फुलांच्या बाबतीत तमिळ माणसाइतका जाणकार शोधून सापडणार नाही. संगम काळातील कवींनी भूप्रदेशांचे जे पाच प्रकार पाडले त्यांना झाडाफुलांचीच नावे दिली. डोंगराळ मुलूख तो कुरिंजी. हे फूल आपल्या कारवीच्या कुळातले, बारा वर्षांनी एकदा फुलणारे. रानाचा मुलूख तो मुल्लै, म्हणजे जाईच्या जातीची वेल. कपिलर नावाच्या कवीने ‘कुरिंजिप्पाट्टु’ या एका काव्यात तब्बल ९९ फुलांची नावे गुंफली आहेत. याच कपिलरचा मित्र पारी राजा. आधाराविना लोंबणारी मुल्लैची वेल पाहून त्याने आपला रथच तिला मांडव म्हणून देऊन टाकला, अशी कथा तिथे शाळकरी पोरेही सांगतात.

चेन्नई शहराच्या नकाशातही ही फुले जागोजाग लपलेली आहेत. पुरसवाक्कम हे नाव ‘पुरसु’ म्हणजे आपल्या पळसावरून आले. तिथल्या गंगाधरेश्वराच्या देवळाचा स्थलवृक्षही पळसच. ट्रिप्लिकेन हे इंग्रजांनी मोडलेले नाव. मूळचे तिरुवल्लिक्केणी, म्हणजे पवित्र कुमुदांचे तळे. मैलापूरच्या कपालीश्वराचा वृक्ष पुन्नै, म्हणजे कोकणात समुद्रकाठी असते ती उंडी. तिरुवान्मियूरला शमी. उत्तरेकडच्या तिरुवोट्रियूरला बकुळ. शैव संत सुंदरर यांनी लग्नाची शपथ याच बकुळीखाली घेतली, अशी तिथली कथा. उंडीच्या पांढऱ्या फुलांचा बहर आला, की त्या झाडाखाली नुसता गुणगुणाट असतो. देवळातली फुले विकत घेणाऱ्या गर्दीतून मान वर करून ते झाड किती जण पाहतात, हे देवच जाणे.

अस्सल फूल म्हणावे तर ‘आवारम’. आपला तरवड तो हाच. कोरड्या माळावर, रेल्वेच्या कडेला, काही न पेरता पिवळाधमक फुलतो. महाराष्ट्रात गावोगावी नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. तमिळनाडूत, विशेषतः कोंगू भागात, पोंगलच्या आदल्या दिवशी आवारमची फुले, कडुनिंबाचा पाला आणि पांढऱ्या तुऱ्यांची ‘पूळै’ यांची जुडी करून दाराशी बांधतात. आवारम फुललेल्या ठिकाणी मरण फिरकत नाही, अशा अर्थाची म्हणही तिथे आहे. या फुलातले परागही वांग्यासारखेच नळीत बंद असतात. म्हणजे जो भुंगा आवारमवर येतो तोच शेजारच्या वांग्याच्या कामी पडतो, आणि वांग्याला फूल नसते त्या दिवसांत त्याचे पोट आवारम भरतो. पण रोपवाटिकेत जाऊन आवारम मागितला, तर माळी हसतो. रानात उगवणारे झुडूप विकत कोण घेते?

मैलापूरचेच रहिवासी असलेले निसर्गलेखक माधवय्या कृष्णन (१९१२–१९९६) यांना हे फार खटकत असे. ‘स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकात १९५० पासून मृत्यूपर्यंत ते सदर लिहीत होते. ज्या मातीत जे झाड वाढले त्याचा त्या मातीवर पहिला हक्क, हा त्यांचा आग्रह. परदेशी शोभेच्या झाडांवर त्यांनी सडकून टीका केली. तेव्हा अनेकांना तो म्हाताऱ्याचा हेका वाटला. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ शहरावर आले आणि हजारो झाडे एका दिवसात आडवी झाली. त्यात मादागास्करचा गुलमोहर होता, आग्नेय आशियातला पीतमोहर होता, दक्षिण अमेरिकेतला रेन ट्री होता. रस्त्यांना सावली हवी म्हणून चटकन वाढणारी म्हणून लावलेली ही झाडे. त्यानंतर करंज, उंडी, भेंडी ही जुनी नावे पुन्हा लोकांच्या बोलण्यात येऊ लागली. करंजाच्या फुलांचा कुरमुऱ्यासारखा सडा चैत्राच्या सुमारास पडतो, तेव्हा वर फांद्यांत माश्यांची झुंबड असते. गाडीवर सडा पडतो म्हणून हेच झाड तोडा, असा अर्ज करणारेही असतात!

डबराच्या ढिगावर रान

देशी झाडे परत लावली तर खरेच काही फरक पडतो का? याचे उत्तर शहरातच, अड्यार नदीच्या मुखाजवळ आहे. इथली खाडी वर्षानुवर्षे सांडपाणी आणि इमारतींचा राडारोडा पोटात घेत आली होती. तिथल्या ५८ एकरांवर सरकारने नदी-पुनरुज्जीवनासाठी नेमलेल्या न्यासाने काम हाती घेतले. आराखडा ऑरोव्हिलच्या पिच्चांडीकुलम येथील मंडळींचा. कोरोमंडल किनाऱ्यावर पूर्वी एक खास रान होते. पाऊस थोडा, उन्हाळा कडक, तरी वर्षभर हिरवे. आता त्याचे तुकडे तेवढे उरले आहेत. बरेचसे गावदेवांच्या राखीव राईंमध्ये, आपल्याकडच्या देवरायांसारखे. त्या रायांतून बिया गोळा करून हे रान नव्याने उभे करण्याचा पिच्चांडीकुलमच्या लोकांना अनेक वर्षांचा अनुभव होता.

राडारोडा उपसला, भरतीचे पाणी आत येईल अशी वाट केली, आणि शंभराहून अधिक देशी जातींची रोपे लावली. करवंद, अंजनी, रांजण, माकडलिंबू, बहावा, आणि खाडीच्या कडेने तिवराच्या जातीची झाडे. जानेवारी २०११ मध्ये ही ‘तोल्काप्पिया पूंगा’ खुली झाली. (पूंगा म्हणजे उद्यान.) जेमतेम दोन महिने आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, शहराच्या मध्यभागी जुन्या वुडलँड्स ड्राइव्ह-इन हॉटेलच्या जागेवर ‘सेम्मोळी पूंगा’ हे दुसरे उद्यान उघडले होते. ते आखीव-रेखीव, हिरवळीचे, देखण्या परदेशी रोपांचे. फोटो काढायला लोक तिकडे जातात. फुलपाखरे मात्र अड्यारच्या खाडीवर बघावीत. तिथे गवत कापलेले नसते, पाने खाल्लेली असतात, वाळके ओंडके तसेच पडलेले असतात. बाग म्हणून पाहायला गेलेला माणूस जरा हिरमुसतो.

असाच एक लहान प्रयोग कोट्टूरपुरमला नदीकाठी २००६ पासून चालू झाला. ‘निळल’, म्हणजे सावली, या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी पडीक जागेवर देशी झाडे लावली आणि जगवली. मुंबईकरांना यात नवल वाटणार नाही. माहीमला धारावीशेजारच्या कचऱ्याच्या डोंगरावर १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लावले गेले आणि १९९४ मध्ये तिथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उघडले. ठाण्याजवळ ओवळे गावात ओवळेकर वाडी ही खास फुलपाखरांसाठी राखलेली बागही आहे.

कढीपत्त्यावरचा पाहुणा

फुले लावली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. फुलपाखराला मध कुठलाही चालतो. टणटणीचाही चालतो, आणि टणटणी तर परदेशातून येऊन रानेच्या राने गिळून बसलेली. पण अंडी घालायची वेळ आली, की त्याच फुलपाखराचे नखरे सुरू होतात. रुईवर अंडी घालणारे प्लेन टायगर दुसऱ्या झाडाकडे ढुंकून पाहत नाही. किनाऱ्याकडच्या भागात दिसणारे काळे-तांबडे क्रिमसन रोज ईश्वरीच्या वेलाशिवाय संसारच मांडत नाही. अळीला पान हवे, आणि तेही ठरावीकच. म्हणून फुलपाखरू हवे असेल तर कुरतडलेल्या पानांची तयारी हवी.

प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे कढीपत्ता. कुंडीतल्या कढीपत्त्यावर एक दिवस पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटलेले दिसते. दोन दिवसांनी ते सरकलेले असते. नंतर ते हिरवे, गुबगुबीत होते आणि डिवचले तर डोक्यातून तांबडी शिंगे काढून उग्र वास सोडते. बहुतेक घरांत इथेच चप्पल पुढे येते. जरा थांबले तर? ही कॉमन मॉरमॉनची अळी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्लू मॉरमॉनची ही जवळची नातलग. ती आठ-दहा फांद्या खाईल, कबूल. मग काडीला दोऱ्याने स्वतःला बांधून कोष करील आणि सुमारे दहा दिवसांनी काळे पंख वाळवत बाहेर येईल. यातली काही माद्या तर त्या विषारी क्रिमसन रोजचा हुबेहूब वेश घेतात, पक्ष्यांनी घाबरावे म्हणून. शाळेतल्या मुलांना याहून चांगला तमाशा घरबसल्या मिळणे कठीण. कढीपत्ता पुन्हा फुटतोच. नाहीतर एक कुंडी आपली, एक अळ्यांची, अशी वाटणी करता येते.

कुंड्यांत आणखी काय लावावे? अबोली चेन्नईत कुठेही मिळते, ‘कनकांबरम’ नावाने. कोरांटी लावावी, तिच्यावर शिंजीर पक्षीही येतात. लाल, साधी, चार पाकळ्यांची इक्झोरा लावावी. तिला तिथे ‘वेट्ची’ म्हणतात. शंकराला वाहतात तो तुंबा पावसात आपोआप उगवतो, तो गवत समजून उपटू नये. आणि तुळस तर घरात आहेच. रोप टिकावे म्हणून आपण तिच्या मंजिऱ्या खुडतो, ते बरोबरच आहे. पण एका कुंडीतल्या तुळशीला फुलू द्यावे. सातेरी मधमाशी आणि इवलीशी पोयाची माशी, दोघीही तिथे हजेरी लावतात. अंगण असेल त्यांनी शेवगा लावावा. चेन्नईच्या जुन्या घरांत परसात एक ‘मुरुंगै’ असायचाच. सांबाराची सोय होते, आणि फुलांवर भुंगे व शिंजीर दिवसभर असतात. खुळखुळा आणि भुरुंडी ही दोन रानटी झुडपे मोकळ्या जागेत असली, तर पावसाळ्याच्या आगेमागे स्थलांतर करणाऱ्या ब्लू टायगर फुलपाखरांचे थवे उतरतात. त्यांतले नर या झाडांचा कडू रस चोखतात आणि त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार करतात!

लहान मुले असलेल्या घरांनी थोडे सावध राहावे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. तमिळनाडूचे राज्यपुष्प असलेली कळलावी दिसायला अप्रतिम, पण तिचा कंद जहाल विषारी. ही झाडे कुंपणाबाहेरच बरी.

लावणीची वेळ हा आणखी एक फरक. आपल्याकडे मृग लागला की रोपे लावायची. चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येच्या वाऱ्यांनी येतो. महाराष्ट्रातून गेलेली मंडळी सवयीने जूनमध्ये रोपे आणतात आणि ती जुलैच्या उन्हात करपतात. सप्टेंबरअखेर खड्डे तयार ठेवावेत, पहिल्या सरीनंतर रोप लावावे. रोप निवडताना दुहेरी पाकळ्यांचे टाळावे. फवारणी करायचीच झाली तर फुलांवर नको, आणि सकाळी तर नकोच. एका पसरट कुंडीत नुसती माती आणि कोपऱ्यात एखादे वाळके लाकूड ठेवले, तर जमिनीत आणि लाकडात राहणाऱ्या माश्यांची सोय होते. घर अस्वच्छ दिसते म्हणून सासूबाई रागावतील, ते ज्याचे त्याने बघावे.

इमारतीच्या छज्जाला आग्यामोहोळ लागले, की सोसायटीत एकच गोंधळ उडतो. धूर, फवारा, कधी चक्क पलिता. वास्तविक आग्या माश्या ऋतूप्रमाणे मुक्काम हलवणाऱ्या. पोळे उंचावर असेल, वाटेत येत नसेल, तर काही महिन्यांत त्या आपणहून जातात. जिन्यात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ असेल तर जाणकार माणूस बोलवावा. दगड मारण्याचा पराक्रम कोणी करू नये.

दुधीच्या वेलाकडे परत येऊ. या वर्षी तो गच्चीवर असेल, तर फुले उमलतात त्या वेळी, म्हणजे दिवेलागणीनंतर, एकदा वर जाऊन बघावे. पांढऱ्या फुलासमोर हवेतच तरंगत, लांब सोंड आत घालणारा करड्या रंगाचा पतंग दिसला, तर हाताने पराग लावायची गरज नाही. गच्चीवरचा दिवा मात्र बंद ठेवावा. तो लागला, की पतंग फुलाकडे न येता दिव्याभोवतीच फिरत राहतो.